मदत हवी आहे: नाटकावर सिनेमा करायचा म्हणतात, या करारावर सही करू का?

नमस्कार मंडळी,

मी वडसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी थोड्या धानाच्या बांध्या आहेत आणि नऊ वर्षांपासून झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहितो. आमच्याकडे व्यवहार तोंडी. नाटक मंडळीचा मालक नाटक ऐकतो, आवडलं की पैसे देतो आणि दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागले की प्रयोग सुरू. आजवर कोणी फसवलं नाही, त्यामुळे कागद करायची सवयच लागली नाही.

मागच्या हंगामात रोवणीच्या (भातलावणीच्या) बायांवरचं माझं एक नाटक मुंबईकडच्या एका निर्मात्याने पाहिलं. त्यावर सिनेमा करायचा म्हणतात. पटकथाही मीच लिहायची. एकूण 51 हजार, सहीच्या वेळी 5 हजार, बाकीचे 'चित्रीकरण सुरू झाल्यावर'. करार 500 च्या मुद्रांकावर आहे, चार पानं, सगळा इंग्रजीत. मुलीने वाचून अर्थ सांगितला. कथा, पटकथा, संवाद यांचे 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे' त्यांच्याकडे जातात. कॉपीराइट कायद्याचं 'कलम 19(4) लागू होणार नाही' अशीही एक ओळ आहे. माझं नाव पडद्यावर येईल, असं कुठेच लिहिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी नाटकाची आहे. उद्या आमच्या नाटक मंडळीने हेच नाटक लावलं तर हे लोक अडवतील का? त्या प्रयोगांवर पंधरा-वीस कलावंतांचा हंगाम चालतो. दुसरं, गावातले एक गुरुजी म्हणतात की संहिता स्वतःलाच पोस्टाने पाठव आणि पाकीट न फोडता ठेव, म्हणजे हक्क पक्का होतो. खरं आहे का? सही पुढच्या सोमवारी मागितली आहे.

प्रतिसाद (नागपूरहून, वकिली करतो)

भाऊ, सोमवारी सही करू नका. पाच हजार घेऊन तर मुळीच नाही.

आधी पाकिटाचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर 'हे आधी मी लिहिलं' हे दाखवावं लागतं. त्यासाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन संहिता ऑनलाइन नोंदवा. कॉपीराइट कार्यालयातही ऑनलाइन अर्ज करता येतो, साहित्यकृतीची फी 500 रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून आजच करा. मात्र नुसती कल्पना सुरक्षित होत नाही. 'रोवणीच्या बायांचा संप' कोणीही लिहू शकतो. तुमचे प्रसंग, पात्रं, संवाद तुमचे.

आता नाटकाचं. रंगमंचाचा हक्क आणि सिनेमाचा हक्क वेगळे विकता येतात. 'सर्व हक्क' लिहून दिलेत तर मंडळीला अडवायला त्यांच्याकडे कागद राहील. म्हणून स्पष्ट लिहून घ्या: फक्त एका मराठी चित्रपटाचे हक्क दिले, नाटकाचे प्रयोग, पुस्तक आणि अनुवाद लेखकाकडे. ही एक ओळ मिळत नसेल तर सौदा सोडलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

19(4) ची ती ओळ खोडून घ्या. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते संपतात, असं ते कलम सांगतं. करारात वेगळं लिहिलं तरच ते टळतं, आणि इथे तेच केलंय. मुदत लिहिलीच नसती तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. त्यांनी 'कायमचे' आणि 'जगभर' मुद्दाम घातलंय.

पैशाचे टप्पे तुमच्या कामाला बांधा: सही, पहिला खर्डा, अंतिम पटकथा. चित्रीकरण सुरू होणं तुमच्या हातात नाही, तुम्ही दोन वर्षं लिहीत बसाल आणि कॅमेरा कधी लागणारच नाही. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे टीव्ही किंवा ओटीटीवर, सिनेमा वापरला गेला तर लेखकाचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही. तुम्ही लिहून दिलात तरी नाही. श्रेयाची ओळ नेमक्या शब्दांत हवी: 'कथा, पटकथा, संवाद' आणि पुढे तुमचं नाव.

वादाचं न्यायालय 'फक्त मुंबई' लिहिलंय का, तेही मुलीला पाहायला सांगा.

धागाकर्ता

साहेब, मनापासून आभार. मुलीने पाहिलं, 'फक्त मुंबई' आहेच. काल निर्मात्याला फोन केला. नाटकाचे हक्क लेखकाकडे ठेवायला ते तयार आहेत, 19(4) वर विचार करून सांगतो म्हणाले. पैशाच्या टप्प्यांवर चिडले. मी म्हटलं, मराठीत मसुदा पाठवा, वाचल्याशिवाय सही होणार नाही. नोंदणीसाठी संहिता आज रात्री टाइप करायला घेतली आहे. नाटक वहीत आहे, एकशे बारा पानं. मुलगी वाचून दाखवते, मी टाइप करतो. नवा मसुदा आला की इथेच टाकतो.