गणपतीत सगळे जमतात, तेव्हाच भावाचा विषय काढावा का?

पडवीतली:
माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, गतिमंद. आई-बाबा सत्तरीपार, चिपळूणजवळच्या गावी. मी पुण्यात. गणपतीत घर भरतं. हा आरतीला झांज वाजवतो, आल्यागेल्याच्या चपला पडवीत जोडीने लावून ठेवतो, सगळे कौतुक करतात. मग मोदक वळताना कुठलीतरी काकू म्हणतेच, "तू आहेस ना गं, मग काय काळजी!" मी 'आहे' हे ठरवलं कुणी? मला, नवऱ्याला, भावाला, कुणालाच कुणी विचारलेलं नाही. पुढची सगळी सुट्टी डोक्यात तेच घोळतं. माझं मत, विषय गणपतीतच काढावा. एरवी सगळे एकत्र येतात कुठे? नवरा म्हणतो, सणात नको.

चाकरमानी:
नवऱ्याचं बरोबर आहे. आई पहाटेपासून चुलीपाशी, आणि तुम्ही "तुमच्यानंतर काय" सुरू करणार? आमच्याकडे असाच विषय निघाला, तो जमिनीच्या वाटणीवर गेला. विसर्जनाला दोन काका दोन वाटांनी गेले. पाहुणे पांगल्यावर एक दिवस जास्त राहा की.

दोघांची_आई:
'ठरवलं कुणी' हे वाचून लागलं. माझा मुलगा स्वमग्न, मुलगी थोरली. मी तिच्याशी बोलत नाही ते तिला गृहीत धरलंय म्हणून नाही. ती 'नाही' म्हणाली तर पुढे काय, हे मला सुचत नाही म्हणून.

पडवीतली:
ताई, पण न बोलल्याने तिला 'हो'च म्हणावं लागणार ना?

कागदवाला:
सण की नंतर, ते तुम्ही ठरवा. कागद मात्र आधी करा. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. भावंडंही अर्ज करू शकतात. त्याच न्यासाची 'निरामय' योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा. बाबा केंद्र सरकारी नोकरीत होते का? अपत्य अपंगत्वामुळे कमावू शकत नसेल, तर आई-वडिलांनंतर त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव बाबांच्या हयातीतच नोंदवून घ्या, मागाहून फार हेलपाटे पडतात.

पडवीतली:
बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. पेन्शनचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं! पण पालक म्हणून नाव कुणाचं, तिथे गाडी परत माझ्यावरच येते.

रानमेवा:
आणि तो? ३४ वर्षांचा बाप्या आहे. गावात त्याला सगळे ओळखतात, दुकानदार उधारीवर बिस्किटं देतो. पुण्यातल्या फ्लॅटात दिवसभर काय करेल? त्याला विचारलंत का?

पडवीतली:
विचारलं तर म्हणेल, "आईजवळ."

चाकरमानी:
बघा, म्हणजे चौघांचंच बोलणं आधी व्हायला हवं. काकूंना विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, वर्षातून महिनाभर तुम्ही ठेवून घ्याल का? कोण कुठल्या बाजूला वळतं ते दिसेल.

पडवीतली:
हेच विचारणार. गौरी जेवल्या की, सगळ्यांसमोर.

चाकरमानी:
अहो, टोमणा मारला होता मी. सगळ्यांसमोर नको!