मदत हवी आहे: गुणाकाराचा सराव होईल असे पत्त्यांचे खेळ सुचवा

नमस्कार मंडळी,

माझी लेक तिसरीत आहे, धाकटा बालवाडीत. लेकीला गणिताची वही समोर आली की रडूच येतं. आठ अधिक सात ती अजून बोटांवर मोजते, आणि एकदा चुकलं की "मला येतच नाही" म्हणून पेन्सिल ठेवून देते. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई पंधरा दिवस राहायला आल्या होत्या. रोज दुपारी जेवणं आटोपली की चटई अंथरायची आणि पत्ते पिसायचे. तेव्हा जे पाहिलं, त्यामुळेच हा धागा काढते आहे.

बदाम सातमध्ये डाव संपला की हातात उरलेल्या पत्त्यांचे गुण आम्ही मोजतो. एक्क्याचा १, गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३, बाकीचे आकड्याप्रमाणे. एका डावात लेकीकडे इस्पिकचा राजा, किलवरचा गुलाम आणि चौकटची दुर्री उरली. तिने तिन्ही पत्ते चटईवर मांडले, दुर्री उचलून राजाशेजारी ठेवली, "पंधरा" म्हणाली, मग गुलाम सरकवला आणि "सव्वीस". बोटं नाहीत, काही नाही! आधी कोणते दोन आकडे जोडले तर सोपं जाईल, हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम वहीत १३ + ११ + २ मांडून दिलं, तर म्हणे, "हे आम्हाला शिकवलं नाही."

मग सासूबाईंनी मोजणी उलटी केली. प्रत्येकाला सुरुवातीला १०० गुण, दर डावाला उरलेल्या पत्त्यांचे वजा करत जायचे, ज्याचे आधी संपतील तो हरला. लेकीचे ७४ होते आणि हातात राजा, राणी, गुलाम, तिर्री असे ३९ राहिले. तिने कागदावर उभी वजाबाकी मांडली, हातचा विसरली आणि ४५ लिहिले. सासूबाई म्हणाल्या, "एकोणचाळीस म्हणजे काय गं? चाळीसला एक उणा. मग चाळीसच काढ की, आणि एक परत घे." चौतीस, पस्तीस. ती माझ्याकडे बघतच राहिली. इंग्रजी माध्यमात असल्याने 'एकोणचाळीस' ऐकलं की ती हमखास ४९ लिहायची. त्या दिवसापासून एकोणतीस, एकोणसाठ आले की आधी तीस, साठ म्हणते आणि एक मागे येते. गुणांचा कागद आता तीच लिहिते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळही छान चालतो. आठ्ठीपासून एक्क्यापर्यंतचे २८ आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या असे ३० पत्ते, दर भिडूला दहा. किती हात झाले, किती बाकी, पुढच्या डावात कुणाकडून किती ओढायचे, सगळं तोंडपाठ असतं तिचं.

धाकट्यासाठी आम्ही चित्रं आणि दश्श्या काढून ठेवतो, राहिलेले ३६ पत्ते पालथे मांडतो आणि दहाच्या जोड्या लावतो. नव्वी-एक्का, अठ्ठी-दुर्री, पंजी-पंजी. तो पत्त्यावरचे बदाम बोटाने मोजतो, पण हल्ली सातला तीन लागतात हे न मोजता सांगतो. ज्यांची मुलं चार-पाच वर्षांची आहेत त्यांनी नक्की करून बघा.

आता अडलंय ते गुणाकाराशी. शाळेत पाढे सुरू झालेत आणि सहा-सात-आठचे पाढे तिला अजिबात जमत नाहीत. मी एक खेळ तयार केला होता. दोघींनी दोन-दोन पत्ते उघडायचे, गुणाकार करायचा, ज्याचा मोठा त्याने चारही घ्यायचे. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, हा खेळ नाहीये, अभ्यास आहे." मला वाटतं तिचं बरोबर होतं. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, नुसतं उघडा आणि पाढा म्हणा. बदाम सातमध्ये राजा कधी टाकायचा, कोणाची वाट अडवायची हा विचार असतो, आणि हिशोब त्या विचारापोटी होतो. गुणाकार असा पोटात असलेला पत्त्यांचा खेळ मला हवा आहे. तुमच्या घरात असा कुठला खेळला जातो का? नियम लिहाल का, किती भिडू लागतात आणि गुण कसे मोजता तेही?

दुसरं, जजमेंट (आपले किती हात होतील ते आधीच बोलायचा खेळ) आठ वर्षांच्या मुलीबरोबर कुणी खेळलंय का? आम्ही मोठे खेळतो तेव्हा बोललेले तेवढेच हात झाले तर १० अधिक बोललेले हात, नाहीतर शून्य. शेवटच्या भिडूला, सगळ्यांचे मिळून बरोबर वाटलेल्या पत्त्यांइतके हात होतील असा आकडा बोलता येत नाही. हे गणित तिला आवडेल असं वाटतं, पण शून्य मिळालं की ती हिरमुसते. लहानांसाठी गुण कुणी बदलून घेतले आहेत का?

आणि सासूबाई परत गेल्यापासून चौथा भिडू नाही. आम्ही नवराबायको आणि लेक, मांडीवर धाकटा. पैसे लावून आमच्याकडे कुणी खेळत नाही, त्यामुळे तसे खेळ सुचवू नयेत; डबाभर चिंचोके मात्र आहेत. पत्त्यांचे दोन कॅट घरात आहेत. रविवारी दुपारी बसणार आहोत, त्याआधी एखादा खेळ जरी कुणी लिहिला तरी लगेच खेळून कसा झाला ते इथे कळवते.