ग्राहक गटात चार विचारांची माणसं आहेत. खरेदीचे नियम कसे बसवायचे?

सातपुडा_पायथा विचारतात:

चोपडा तालुक्यात ६० कुटुंबांचा खरेदी गट उभा राहतोय. तूरडाळ, दादर (रब्बी ज्वारी), बाजरी, उडीद, तेल आणि सुकी मिरची दर दोन महिन्यांनी थेट शेतकऱ्याकडून घ्यायची. अटी तीनच: शेतकऱ्याला योग्य भाव, मजुराची मजुरी बुडालेली नको, फवारणी कमीत कमी.

अडचण मालाची नाही, माणसांची आहे. शेतकरी संघटनेचे जुने, खुल्या बाजाराच्या बाजूचे कार्यकर्ते ‘हमीभाव’ शब्द ऐकला तरी चिडतात. युनियनवाल्यांना आधी मजुरीचा हिशोब हवा. स्वदेशीवाल्यांना बीटीचं, म्हणजे जनुक बदललेल्या पिकाचं, काहीच नको. आंबेडकरी कार्यकर्ते विचारतात की दोन एकरवाल्याचा माल किती घेणार. त्यात स्थानिक निवडणूक आली की निम्मे लोक एकमेकांच्या विरोधात प्रचाराला. कमिटीत पक्षवार जागा द्याव्यात का? भाव कसा ठरवावा? संस्था नोंदवावी का?

---

तराजू_काटा

भाऊ, पक्षवार जागा अजिबात देऊ नका. आपल्या राज्यात एका पक्षाचे दोन कधी होतील सांगता येत नाही, मग ती जागा कोणाची यावर वर्ष जाईल. जागा कामावर द्या: शेत पाहणी, काटा, रोकड, वाटप. प्रत्येक कामाला दोन माणसं, आणि ती दोन्ही एका विचाराची नकोत. शेतावर युनियनवाला आणि संघटनेवाला एकाच मोटारसायकलवर जाऊ द्या, एकाच कागदावर दोघांची सही घ्या. तिघे पाठवू नका, तिसरा पंच होऊन बसतो.

मुख्य नियम एकच: निकषावर एकमत हवं, कारणावर नको. मजुरी वेळेत दिली पाहिजे, हे कोणी समाजवाद म्हणून मानेल, कोणी धर्म म्हणून. गटाने त्यात पडू नये. निकष मात्र डोळ्यांनी किंवा कागदावर तपासता आला पाहिजे. ‘विषमुक्त’ हा निकष नाही, त्यावर फक्त भांडणं होतात. ‘शेवटची फवारणी कोणत्या औषधाची, काढणीच्या किती दिवस आधी, औषधाची पावती’ हा निकष. ‘मजुरांना न्याय’ हाही निकष नाही. ‘काढणीची मजुरी दिल्याचं किमान दोन मजुरांना वेगवेगळं विचारलं, मालक समोर नसताना’ हा निकष. सेंद्रियचा आग्रह असेल तर पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याची पद्धत बघा. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट लागतो, ते एकमेकांची शेतं तपासतात, आणि रासायनिककडून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’ प्रमाणपत्र मिळतं.

लहान शेतकऱ्याचा मुद्दा भाषणात सोडवू नका, ऑर्डरच्या कागदावर सोडवा. प्रत्येक मालात अमुक वाटा पाच एकरांच्या आतल्यांचा, असा आकडा लिहा आणि सातबारा पाहून नोंद करा.

खरी ठिणगी तेलावर पडेल. आपल्याकडे सरकीचं तेल म्हणजे बीटी कापूसच. २००२ पासून देशात व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं जनुकीय पीक हेच. संघटनेने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला बीटी कापूस) जाहीरपणे पेरला, म्हणजे तो तिच्या तत्त्वाचा विषय आहे. स्वदेशीवाल्यांचंही तसंच. मतदान घेतलंत तर हरणारी बाजू पुढच्या वाटपाला येणार नाही. म्हणून यादीत दोन रकाने करा: ‘सामाईक’ आणि ‘ऐच्छिक’. सामाईकमध्ये माल घालायला तीन चतुर्थांश मतं लागतील. ऐच्छिकमध्ये दहा कुटुंबांनी मागणी केली की माल येईल, पण त्याचं भाडं-हमाली त्याच दहांच्या माथी. शेंगदाणा तेल सामाईक, सरकी ऐच्छिक, डब्यावर ‘सरकी’ स्पष्ट लिहिलेलं. विषय संपला.

---

ढेप_चुनी

भावाचं मी सांगतो, तूरडाळ घेऊन. ६० घरं, प्रत्येकी ५ किलो, म्हणजे ३०० किलो डाळ. चांगल्या मिलमध्ये तुरीची साधारण ७० ते ७५ टक्के डाळ पडते. ७२ धरली तर ४१७ किलो तूर लागते, सव्वाचार क्विंटल घ्या. उरलेली चुनी-टरफल कोणाचं, हे आधी लिहा. गाईम्हशीवाला सदस्य ‘असंच घेऊन जातो’ म्हणतो आणि दोन वाटपांनंतर त्यावरून गट पडतो. चुनीची विक्री गटाच्या खात्यात.

भाव: वजनाच्या आदल्या दिवशीचा जवळच्या बाजार समितीचा सर्वसाधारण दर किंवा हमीभाव, जो जास्त तो, अधिक ठरलेले ५ टक्के. संघटनेच्या लोकांना शब्द खटकतो ना? कागदावर ‘किमान करार भाव’ लिहा, आकडा तोच ठेवा. भाव मागणीच्या दिवशी बांधू नका. मधल्या पंधरवड्यात बाजार चढला तर शेतकरी माल दुसरीकडे देतो आणि त्याला आणणाऱ्या सदस्याच्या पक्षाचा उद्धार होतो.

कटती (वजनातली कपात) शून्य. त्याऐवजी ओलावा मोजा: तुरीला १२ टक्के, दादरला १४ टक्के वरची मर्यादा. जास्त भरला तर माल वाळवायला परत, वजनात कापाकापी नाही. बारदानाचं वजन रिकाम्या पोत्यावर काढून वजा करा, अंदाजाने नको. नऊ पोत्यांत पाच किलोचा फरक सहज पडतो.

उधारी बंद. आपल्याच पक्षाच्या माणसाकडे वसुलीला कोणी जात नाही आणि विरोधकाकडे गेलं की ते राजकारण ठरतं. मागणीसोबत पूर्ण पैसे घ्या. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढलं तेही रोखीवर. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये जी सात तत्त्वं मांडली त्यात रोखीचा व्यवहार आणि राजकीय-धार्मिक तटस्थता दोन्ही होती. माझ्या मते दुसरं पहिल्यावरच टिकतं.

---

तीस_सप्टेंबर

नोंदणीबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. कलम २७ प्रमाणे एका सदस्याला एकच मत, भाग कितीही असोत. कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला, कलम ६७ प्रमाणे लाभांश १५ टक्क्यांपर्यंत. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. हे सगळं चांगलंच आहे. पण दर पाच वर्षांनी कमिटीची निवडणूक येते आणि तिच्यासोबत पॅनल, चिन्ह, गुलाल. ६० घरांच्या डाळीसाठी एवढं कशाला?

पहिली दोन वर्षं तिघांच्या संयुक्त खात्यावर चालवा. सही ‘कोणतेही दोघे’ अशी ठेवू नका, कारण ते दोघे नेमके एका गोटाचे निघतात. ‘खजिनदार अधिक इतर दोघांपैकी एक’ अशी सूचना बँकेला द्या. उणी बाजू अशी की नोंदणी नसताना देणं थकलं तर ते व्यक्तींच्या अंगावर येतं. म्हणूनच वरचा उधारीचा नियम.

---

सातपुडा_पायथा

आचारसंहितेत वाटप थांबवायचं का?

---

तराजू_काटा

थांबवू नका. थांबलेला गट परत सुरू करणं जड जातं. अर्ज भरलेल्या सदस्याने निकालापर्यंत सही, काटा, वाटप यातलं काही करायचं नाही, फक्त आपली पिशवी न्यायची. पिशवी कोरी, फोटो-नाव काही नाही, ‘सौजन्य’ तर नाहीच. गाडीत खरेदीचं बिल आणि पैसे भरलेल्या सदस्यांची यादी ठेवा, नाहीतर भरारी पथकाला वाटपाचं धान्य मतदारांसाठीचं वाटेल. ५० हजारांवर रोकड कागदाशिवाय नेऊ नका, जप्त होऊ शकते. शेतकऱ्याचे पैसे खात्यावर टाका. व्हॉट्सअॅप गटात फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करा. गप्पांना दुसरा गट काढा, तिथे काय ते भांडा.

फैजपूरला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात नेहरू, गांधीजी, समाजवादी आणि मानवेंद्रनाथ रॉय एका मांडवात होते आणि शेजारी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरलं होतं. ठरावांवर वाद झालेच.

---

ढेप_चुनी

एक राहिलं. मिरची पहिल्या वाटपात घेऊ नका. वाळताना वजन किती उतरेल हे ओलाव्यावर ठरतं, आणि काट्यावर नवख्या माणसांत लगेच संशय येतो. आधी डाळ, दादर जमू द्या. कितला माल, कितला भाव, एवढं फळ्यावर खडूने लिहून ठेवा, येणाराजाणारा वाचेल असं.