मदत हवी आहे: डॅकचा करार वाढला, मग काउबॉइजच्या कॅपवरचा भार कमी कसा झाला?

मंडळी, डॅलसजवळ राहायला आल्यापासून आमच्या घरात सगळेच काउबॉइजवाले (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला डॅलसचा संघ) झालेत. खेळ आता कळतो, पण सॅलरी कॅपचा (संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा त्या मर्यादेचा) हिशेब काही केल्या डोक्यात शिरत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू), डॅक प्रेस्कॉटला, चार वर्षांची मुदतवाढ मिळाली, २४ कोटी डॉलरची. तरी त्या वर्षीचा त्याचा कॅप हिट, म्हणजे कॅपमध्ये त्याच्या नावावर मोजली जाणारी रक्कम, साधारण ५.५ कोटींवरून ४.३ कोटींवर उतरला! आयपीएलमध्ये खेळाडू रिटेन केला की त्याची रक्कम त्याच वर्षीच्या पर्समधून वजा होते. इथे पैसे वाढवून भार घटतो कसा?

दुसरं म्हणजे, ऑगस्ट २०२५ मध्ये आमचा बचावपटू मायका पार्सन्स याला ग्रीन बे संघाला देऊन टाकलं. माझा मुलगा अजून त्याचीच जर्सी घालतो. डॅक आणि रिसीव्हर (पास झेलणारा) सीडी लॅम्ब यांच्या करारांमुळे कॅपमध्ये जागाच उरली नव्हती, असं जो तो सांगतो. खरं आहे का हे? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं.

प्रतिसाद १
सगळी गोम सायनिंग बोनसमध्ये, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेत आहे. कॅपच्या हिशेबात बोनस कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. डॅकचा बोनस ८ कोटी. जुन्या करारातलं २०२४ आणि नवी चार वर्षं धरून पाच, म्हणजे वर्षाला १.६ कोटी. त्याच वेळी त्याचा २०२४ चा मूळ पगार २.९ कोटींवरून साडेबारा लाखांवर आणला. पावणेतीन कोटींहून थोडे जास्त गेले, १.६ कोटी आले. उरलेला भार पुढच्या वर्षांवर गेला.

पार्सन्सचं म्हणाल तर २०२५ मध्ये तो पाचव्या वर्षाच्या ऑप्शनवर होता (खेळाडूचा पहिला करार संघ आपल्या हक्काने एक वर्ष वाढवतो, ते वर्ष). ते जवळपास २.४ कोटी एकाच वर्षात मोजले जात होते. मुदतवाढ दिली असती तर असाच बोनस वाटून २०२५ चा आकडा उलट खाली आणता आला असता. त्यामुळे त्या वर्षी जागा नव्हती, हे कारण मला पटत नाही. प्रश्न पुढच्या वर्षांचा भार उचलायचा की नाही एवढाच होता, आणि माझ्या मते तो उचलायला हवा होता.

धागाकर्ता
मनापासून आभार, आता चित्र स्पष्ट झालं. पण खेळाडूला मध्येच सोडलं तर वाटायचा राहिलेला बोनस कुठे जातो?

प्रतिसाद २
तो संघाच्याच कॅपवर बसतो. त्याला डेड मनी म्हणतात. रसेल विल्सनचं बघा. डेन्व्हर संघाने सप्टेंबर २०२२ मध्ये, त्यांच्यासाठी तो एकही सामना खेळायच्या आधी, त्याला पाच वर्षांची मुदतवाढ दिली आणि मार्च २०२४ मध्ये सोडून दिलं. राहिलेला बोनस आणि हमी दिलेला पगार मिळून ८.५ कोटी डेड मनी. १ जूनच्या नियमाचा (खेळाडूला १ जूननंतर सोडलं असं धरून काही भार पुढच्या वर्षावर टाकता येतो) आधार घेऊन ते दोन वर्षांत विभागले: २०२४ मध्ये ५.३ कोटी, २०२५ मध्ये ३.२ कोटी. २०२४ ची कॅप होती २५.५४ कोटी. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम अशा क्वार्टरबॅकवर गेली, जो तेव्हा पिट्सबर्गकडून खेळत होता.