मदत हवी आहे: ऑनलाइन प्रोजेक्टसाठी मुलांचे गट सॉफ्टवेअरने कसे पाडावेत?

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. वर्गात ६३ मुलं. निम्मी एसटीने ये-जा करतात, त्यामुळे गटाचं काम रात्री ऑनलाइनच चालतं. विषय: कांदाचाळीतली सड लवकर कशी ओळखायची.

गेल्या सत्रात मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) आपोआप गट पाडणाऱ्या ऑटो-क्रिएट ग्रुप्समध्ये वाटणी आयडी नंबरप्रमाणे लावली. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं हजेरीपटाच्या शेवटी असतात, ती सगळी शेवटच्या दोन गटांत गेली. वर्कशॉपमध्ये हात बसलेली नेमकी हीच मुलं! बाकीच्यांनी नुसत्या स्लाइड्स सजवल्या. मग रँडम केलं, तर एका गटात चार मुलगे आणि एकच मुलगी. महिनाभर तिचा माइक उघडला नाही.

त्याच रँडममधून एक गट मात्र सुंदर जमला. एकाच्या घरी चाळ आहे. त्याने मोबाइलवर दाखवलं, वरचा कांदा खडखडीत कोरडा, पण कोपरापर्यंत हात घातला की आत ऊब लागते. डिप्लोमावाला लगेच म्हणाला, पीव्हीसी पाइपला भोकं पाडून आत सेन्सर सोडू. असे गट नशिबावर सोडायचे नाहीत मला.

आता अमेरिकेतल्या रोज-हलमन इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेलं टीम-मेकर हे गट पाडायचं सॉफ्टवेअर बघतेय. त्यात मुलं प्रश्नावली भरतात आणि कुठल्या बाबतीत गटात सारखेपणा हवा, कुठल्या बाबतीत फरक, त्याचं वजन आपण ठरवतो. अडलंय ते इथे: रिकामा वेळ जुळण्याला जास्त वजन द्यावं की अनुभवातल्या फरकाला? आणि कल्पकता मोजावी कशी? गिल्फर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या कल्पकतेच्या चाचणीच्या धर्तीवर ‘विटेचे उपयोग लिहा’ दिलं. एका मुलाने इंग्रजीत तीन लिहिले, मराठीत तोच अकरावर गेला. यातला कुठला आकडा भरू?

प्रतिसाद १:
मॅडम, कुठलाच नको. कल्पकतेला गुण देण्यापेक्षा ‘घरी शेती आहे का, वेल्डिंग केलंय का, कोडिंग येतं का’ एवढंच विचारा आणि हे अनुभव प्रत्येक गटात वेगवेगळे येऊ द्या. वेळेची अट मात्र पक्की ठेवा; रात्री नऊला एकत्र येताच येत नसेल तर बाकी सगळं फुकट. मुलगी एकटी पडू नये, ही दुसरी पक्की अट.

एक्सेलमध्येही जमेल. आधी कसेही गट पाडा आणि प्रत्येक गटात किती वेगळे अनुभव आहेत ते मोजा. मग दोन गटांतली दोन मुलं अदलाबदल करून बघा. बेरीज वाढली आणि दोन्ही अटी टिकल्या तर ठेवा, नाहीतर परत फिरवा. मी यासाठी छोटा मॅक्रो (एक्सेलमध्ये हे आपोआप करणारा प्रोग्राम) लिहिलाय. हवा असेल तर इथेच टाकतो.

धागाकर्ती:
नक्की टाका सर. शनिवारपर्यंत प्रश्नावली भरून घेते.