मदत हवी आहे: काउन्सिलांच्या सामायिक ग्रंथालयाचा खर्च कसा वाटतात?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात राहणाऱ्या किंवा तिथल्या काउन्सिलमध्ये (म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेत) काम केलेल्या कुणाला माहीत असेल तर सांगा. तिथे १९८९ च्या स्थानिक शासन कायद्यातल्या कलम १९६ खाली दोन-तीन काउन्सिलं करार करून एक प्रादेशिक ग्रंथालय महामंडळ उभं करायची. उदाहरणार्थ यारा प्लेंटी: बॅन्यूल, निलंबिक आणि व्हिटलसी. मंडळावर प्रत्येक काउन्सिलचे प्रतिनिधी, पुस्तकखरेदी आणि कॅटलॉग एकच, थोडं अनुदान राज्याचं, बाकी भार काउन्सिलांवर. इथवर समजलं.

अडतंय ते वाटणीपाशी. लोकसंख्येवर हिस्सा ठरवला तर विरळ वस्तीच्या काउन्सिलचं फावतं, कारण फिरत्या ग्रंथालयाची गाडी सगळ्यात जास्त तिथेच पळते. शाखेच्या तासांवर ठरवला, तर पैसे वाचवायला तास कापले जातील अशी मला भीती वाटते. प्रत्यक्ष करारात काय लिहितात? दोन्हींचं मिश्रण असतं का?

शिवाय एखादी काउन्सिल बाहेर पडली तर पुस्तकं कुणाची? (कर्मचाऱ्यांच्या साठलेल्या रजेचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.) २०२० च्या नव्या स्थानिक शासन कायद्यानंतर महामंडळाऐवजी कंपनी स्थापण्याकडे कल आहे, तिथे हे बदललं का? कराराचा नमुना कुठे वाचायला मिळेल तेही कळवा.