मदत हवी आहे: आगीच्या बातमीत 'मौज' कशी? (तातडीचं)

रानजाई
गावच्या स्मरणिकेसाठी एका जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण टाइप करतेय. बातमी आगीची आहे, घरं जळाली आहेत, आणि बातमीदार दोनदा 'मौज' लिहितो! ज्यांची घरं जळाली त्यांची पतवंडं आजही गावात राहतात, त्यांनी हे वाचायचं? शब्द काढून 'घटना' घालू का? पानं आज रात्री छपाईला जायची आहेत. प्लीज लवकर.

घाटमाथा
साल कोणतं? पूर्ण वाक्य टाका. एका शब्दावरून काय सांगणार?

जुना_बाजार
मौज मूळ अरबी, अर्थ लाट. मनात उठलेली लाट म्हणजे हौस, त्यातून आनंद. आपल्या 'लहर' शब्दाचंही तसंच झालं. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ऑनलाइन आहे, पाहा.

रानजाई
लाटेचा काय संबंध? आग आहे. आणि साल कात्रणावर नाही, वरचा भाग फाटलाय.

पेठकर
'मौज पाहणे' म्हणजे बघ्यांनी जमून पाहणे. त्यात आनंद असलाच पाहिजे असं नाही. पानशेत फुटलं तेव्हाचं (१२ जुलै १९६१) सांगताना आमची आजी म्हणायची, लोक पुराची मौज बघायला पुलावर गेले. तिचं स्वतःचं घर त्याच पुरात गेलं होतं. 'तमाशा' शब्दही असाच वापरत. शब्द बदलू नका.

कागदी_होडी
पटत नाही. त्या काळी मौज म्हणजे निखळ करमणूकच. नियतकालिकांची नावं बघा: हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' १८९०, मग 'मनोरंजन' १८९५, 'मौज' १९२२. माझ्याकडे 'मनोरंजन'चे काही अंक आहेत, काय छपाई आहे! दिवाळी अंकाची प्रथाही १९०९ साली त्यांनीच पाडली.

पेठकर
नियतकालिकाचं नाव वेगळं, बातमीतली भाषा वेगळी. 'दुरून मौज बघत उभे राहिले' हे आजही आपण रागानेच म्हणतो ना?

कागदी_होडी
आज म्हणतो, म्हणून तेव्हाही म्हणत होते हे कशावरून?

वहिवाटदार
जुन्या जाहीर नोटिशीत 'उपभोग' शब्द असतो, त्याचा मौजेशी संबंध नाही, तो कायद्यातला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वाट वापरली तर वहिवाटीचा हक्क मिळतो. जळालेल्या घरांच्या जागेवरून वाद चालू असेल तर जुने कागद जपून ठेवा.

रानजाई
वाद कुठलाही नाही!! 'उपभोग' शब्दही नाही!

घाटमाथा
ताई, दोन्ही ठिकाणची अक्षरं आहेत तशी टाइप करा. काना, मात्रा, अनुस्वार, काही सुधारू नका.

रानजाई
पहिलं, अगदी सुरुवातीला: 'मौजे मजकुरीं रात्रौ आग लागून'
दुसरं, शेवटाकडे: 'मौज पाहणारांचीच गर्दी फार'

घाटमाथा
मग दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'मौजे', म्हणजे गाव. सातबाऱ्यावर 'मौजे अमुक, तालुका तमुक' असतं तोच. हाही अरबीच, पण त्याचं मूळ वेगळं, अर्थ ठिकाण. 'मजकूर' म्हणजे वर उल्लेख केलेला. 'मौजे मजकुरीं' म्हणजे 'सदर गावी'. गावाचं नाव वरच्या फाटलेल्या भागात असणार. दुसऱ्या ठिकाणी पेठकर म्हणतात तेच. 'पाहणारांचीच' मधला 'च' पाहा: विझवायला कोणी पुढे आलं नाही याची बातमीदाराला चीड आहे. तो तुमच्या गावकऱ्यांच्या बाजूने लिहितोय. 'घटना' घातलंत तर तेच जाईल.

जुना_बाजार
आणि 'मजकुरीं'वरचा अनुस्वार ठेवा. १९६२ च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधी सर्रास छापत. साल ठरवायला तेवढ्याने भागणार नाही. मागच्या बाजूला जाहिरात, बाजारभाव किंवा शके काही आहे का? शके असेल तर ७८ मिळवा.

रानजाई
मागे एरंडेलाच्या तेलाचा भाव आहे, शके नाही. ठीक, दोन्ही शब्द तसेच ठेवते आणि खाली दोन ओळींची टीप देते. 'मौजे = गाव' एवढं पुरेल ना? गावातल्या मुलांना 'मजकूर' म्हणजे लिहिलेलं एवढंच माहीत आहे.

घाटमाथा
'मजकूर' चाही अर्थ द्या. आणि कात्रणाचा फोटो शेजारी छापा, म्हणजे ज्याला शंका येईल तो स्वतः वाचेल.

कागदी_होडी
एकाच कात्रणावरून तेव्हाची भाषा ठरवू नका, माझं म्हणणं कायम आहे. अंकांचे फोटो उद्या टाकतो.

नवा_सभासद
नमस्कार. आमच्याकडे पणजोबांचे मोडीतले दस्त आहेत, त्यातही 'मौजे' दिसतंय. कोणी वाचून देईल का?

पेठकर
वेगळा धागा काढा आणि पहिल्याच पोस्टमध्ये फोटो टाका.